बोकडासाठी शब्द

गुडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. शेजारचे गृहस्थ सगळ्यांशी हिंदीत बोलत होते, आपल्या बोकडाशी मात्र मराठीत. "थांब रे राजा," म्हणत त्याच्या कानामागे खाजवायचे. मीही मराठीच म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, फौजेतून निवृत्त होऊन त्यांनी इथेच शेळ्या पाळल्या होत्या.

बोकड दांडगा होता, पण शेळ्या गाभण राहत नव्हत्या. आत डॉक्टर समजावत होते ते दारातून ऐकू आलं. बीज बाहेर नेणारी नळीच बंद होती. बीज आत तुंबतं आणि त्या दाबाने वृषण हळूहळू सुकत जातं. मस्ती तेवढी तशीच राहते.

बाहेर येऊन ते गृहस्थ बराच वेळ हाताला दोरी गुंडाळत राहिले.

"शेळ्याच भाकड म्हणून विकल्या मी. ताई, अशा नराला आपल्यात काय म्हणतात?"

मी आठवून पाहिलं. वांझ म्हणतात ते बाईला. षंढ म्हणावं, तर मस्ती होतीच.

"शब्द सुचत नाही," मी म्हटलं.

"आम्हाला मूल झालं नाही. मला कधी कुणी तपासलं नाही." त्यांनी दोरी सोडली, पुन्हा गुंडाळली. "बायको गेली गेल्या वर्षी. तिच्यासाठी मात्र शब्द होता. आमची आई तिला त्याच नावाने हाक मारायची."