पेज पाजलेली मेंढी

मार्गशीर्षातलं धुकं बोडीच्या पाण्यावरून उठून सरळ धानाच्या बांद्यांत शिरलं होतं. दहा हातांवरचा माणूस दिसत नव्हता. एकोडीचा श्रावण कापगते पहाटेपासून धानाचे भारे डोक्यावर आणून ढीग रचत होता. दंवानं ओले आहेत तोवर भारे उचलले तर दाणा गळत नाही, म्हणून घाई. सातआठ खेपा झाल्या असतील, तेवढ्यात सडकेकडून घंटा ऐकू आली. उंटाच्या गळ्यातली. तिच्यामागून मेंढ्यांचं बें-बें.

एरवी ह्या घंटेची तो वाट पाहायचा. धान निघालं की काठेवाडी मेंढपाळ यायचे, चार रात्री त्याच्या वावरात मेंढ्या बसवायचे, आणि पुढच्या साली तिथलं धान लेंडीखतानं काळंशार उठायचं. पण यंदा ती त्याला नको होती. डोक्यावरचा भारा त्यानं तसाच खाली टाकला.

"आले वाटते तुमचे काठेवाडी," ललिताबाई म्हणाली. ती सांडलेल्या लोंब्या वेचत होती. "आता काय सांगसान?"

"पाहू."

"पाहू काय? बिबट्यानं नेली म्हना. केवळरामची कालवड नेलीच ना मागच्या मयन्यात? कोन येते पंचनामा कराले!"

गोष्ट गेल्या वर्षीची. कळपातलं एक पिल्लू खेकड्याच्या बिळात पाय जाऊन लंगडं झालं होतं. रोजची पाचसहा कोसांची चाल त्याला जमणार नव्हती. कळपाची म्हातारी मालकीण जीवीबेन त्याला ओढणीत गुंडाळून घेऊन आली आणि ललिताबाईच्या मांडीवर ठेवलं. "पैसा नहीं चाहिये. पाल लो. बस, काटना मत." बोडीवरच्या देवीकडे हात करून श्रावण म्हणाला होता, "शप्पथ."

ललिताबाईनं त्याला भाताची पेज पाजून उभं केलं. पाय बरा झाला, तरी नाव लंगडीच राहिलं. श्रावण वावरात निघाला की लंगडी मागे, परतला की मागे.

मग शिमग्याच्या आठ दिवस आधी टीना सुट्टीवर आली. त्यांची एकुलती एक पोट्टी, उझबेकिस्तानात समरकंदला डॉक्टरकी शिकणारी. आल्या दिवसापासून तिच्या तोंडी तिथलंच जेवण. घरमालकीण मावशी मेंढीचं मांस नुसतं मीठ-जिरं-धने लावून मातीच्या भट्टीत कोंडते, वरून चिखलानं तोंड बंद करते, दिवसभर उघडत नाही.

"तिखट नाही?" श्रावण हसला. "मंग ते मटन कायचं?"

"बाबा, तुमाले नाही जमनार ते. ते वेगळंच असते. बकऱ्याचं होत पन नाही, मेंढीच लागते."

टीना मोबाईलवर फोटो सरकवत सहज बोलून गेली. तिला शपथेचं काही माहीत नव्हतं. पण तीस वर्षं आसपासच्या गावांत लग्नाचं मटण श्रावणच्या हातचं. तिखटाची फोडणी पडली की अख्खी पंगत शिंकायची. त्याला कोणी 'नाही जमनार' म्हटलं नव्हतं. आणि मेंढी तर समोरच खुंट्याला रवंथ करत होती.

"शपथ घेतली ना जी तुमी?" ललिताबाईनं चुलीजवळ हळूच विचारलं होतं.

"पोट्टी वर्षातून एकदा येते."

"मंग कोंबडा कापा."

त्यानं ऐकलं नाही. वावराच्या बांधाला, धुऱ्याला लागून छातीइतका खड्डा खणला, बाभूळ आणि मोहाची लाकडं जाळून निखारे केले. पळसाच्या पानांत गुंडाळलेलं मांस जर्मनच्या मोठ्या पातेल्यात घालून खाली सोडलं, वर परात, परातीवर बोडीचा चिखल. सकाळी कोंडलं ते ऊन उतरताना उघडलं. हाड ओढलं तर कोरडं हातात आलं. चरबी पाघळून मांसात जिरली होती, जिऱ्याचा नि धुराचा वास पार बोडीपर्यंत गेला. टीना म्हणाली, "बाबा, मावशीपेक्षाही भारी!" श्रावणनं तीनदा वाढून घेतलं. ललिताबाईनं चटणी-भात खाल्ला.

नुसता पस्तावा झाला असता तरी बरं होतं. पण लंगडीची आठवण आली की आधी त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि लाज मागून यायची. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर कोणाच्या लग्नात मटणाला हात लावताना तो देवीच्या दिशेला पाठ करून बसायचा.

धुक्यातून जीवीबेन धुऱ्यावर आली. मागे मेंढ्या, त्यांच्या मागे उंटाची दोरी धरलेला नवरा.

"राम राम, भाई. मेरी लंगडी कहाँ है? साल की हो गयी. मेंढा है साथ में, लगा देंगे."

बिबट्या श्रावणच्या जिभेवर आला होता. ललिताबाई लोंब्या वेचायची थांबली.

"मैंने काटी," श्रावण म्हणाला. "बेटी आयी थी. पका के खा गये."

दोनचार मेंढ्या धुऱ्यावरचं गवत कुरतडायला लागल्या होत्या.

"मादी थी," जीवीबेन म्हणाली.

"हाव."

"मादी को कोई काटता है?"

त्यानं मान खाली घातली. ती तरीही उभीच होती. मग तिनं विचारलं, "अच्छी बनी थी?"

"बहुत अच्छी," तो म्हणाला.

जीवीबेननं नवऱ्याकडे वळून आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि लांबलचक शीळ घातली. गवतातली तोंडं उचलली गेली. उंट वळला, कळप वळला, आणि घंटा वाजवत सगळे केवळरामच्या वावराकडे गेले.

"बिबट्या म्हनले असते तर आपल्या वावरात बसल्या असत्या मेंढ्या," ललिताबाई म्हणाली.

"हाव."

"मंग?"

"तोंडातून नाही निंगलं वो."

पदरातल्या लोंब्या टोपल्यात ओतून ललिताबाई म्हणाली, "बैलं तहानले आहेत सकाळपासून."

श्रावणनं बादली उचलली आणि बोडीकडे निघाला.