नवे सेल

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय आणि एवढ्यात दोनदा उठून पाणी पिऊन आलोय — यावरून काय ते ओळखा.

तशी ऐकणाऱ्याला गंमतच वाटावी अशी गोष्ट. एका म्हाताऱ्याची मिशी गेली, एवढंच. पण आमचं गाव इस्लामपूरच्या बाजूचं, घरटी एक माणूस पलटणीत. तिथं मिशी म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि सुभेदारआबांची मिशी! ते पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा पोरं नुसती मिशी बघायला तालमीपाशी जमली होती म्हणे.

राष्ट्रपतीची निवडणूक होती, एकोणसत्तर सालची, सगळ्यात अटीतटीची. मतं द्यायची आमदार-खासदारांनी, पण भांडणं आमच्या तालमीच्या कट्ट्यावर. आबा एका उमेदवाराच्या बाजूचे, त्यांचे शेजारी बापू दुसऱ्याच्या. दोघांनीही आपला माणूस कधी पाहिला नव्हता. शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली — ज्याचा माणूस पडेल त्यानं कट्ट्यावर बसून मिशी उतरवायची. आमच्याकडं अशी पैज लागली की मागं घेत नाहीत. मागं घेतली तर मिशी ठेवून उपयोग काय?

गावात ट्रान्झिस्टर एकच, आणि तो माझा. थोरल्या भावानं पलटणीतून पाठवलेला. ऐन निकालाला दगा देऊ नये म्हणून आबा आदल्या दिवशी स्वतः इस्लामपूरला जाऊन नवे सेल घेऊन आले. माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘आता कसं, खणखणीत वाजंल बग.’ सेलांचं ध्यानात ठेवा.

त्या दिवशी श्रावणातली भुरभुर चालू होती, तरी कट्ट्याभोवती सगळा गाव. गोंगाटात ऐकू येईना म्हणून मी ट्रान्झिस्टर कानालाच लावून बसलो. दर बातमीला सगळे माझ्या तोंडाकडं बघायचे. खरं सांगू? मला ते फार आवडत होतं. एरवी मला कोण विचारत होतं?

आधी आबांचा माणूस पुढं होता. मग बातमी आली, निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, आता दुसऱ्या पसंतीची मोजणार. ही दुसरी पसंती काय भानगड ते कुणालाच कळेना. एकदा दिलेलं मत परत कसं मोजतात, हे काय स्थळं बघणं आहे का, म्हणून हशा झाला. पण त्या मोजणीत बापूंचा माणूस भराभर वर यायला लागला. लोकांचा जीव टांगणीला. अरे काय झालं, बोल की, तोंड शिवलंय का — चहूबाजूंनी तेच. मला ‘अजून मोजणी चालू आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यानं कुणाचं भागणार होतं? मी उभा राहिलो आणि ओरडलो, ‘बापूंचा माणूस आला!’

का? द्वेष होता का आबांबद्दल? मुळीच नव्हता. येणारच आहे तर आपण आधी सांगावं, एवढीच खाज.

मग काय, गलका. बापूच म्हणत होते, जरा थांबूया. पण पोरं पळत जाऊन केरबा न्हाव्याला घेऊन आली. आबा पटका काढून मांडीवर ठेवून ताठ बसले. केरबा वस्तरा नुसताच चामड्यावर घासत राहिला. आबाच त्याला म्हणाले, ‘चालव रं. दिलेला शबुद हाय.’

इथपर्यंत मी फक्त उतावळा होतो. पण आबांच्या ओठावर साबणाचा फेस, वस्तरा अजून टेकलेला नाही, आणि माझ्या कानात निवेदक सांगतोय की मोजणी संपली, आबांचा माणूस निवडून आला. स्वच्छ ऐकलं मी. ‘थांब केरबा’ — एवढे दोनच शब्द हवे होते. पण सगळा गाव मला हसेल, ही भीती. मी काय केलं माहितेय? बटण फिरवलं आणि ट्रान्झिस्टर बंद केला. मग मान खाली घालून बसलो. वस्तऱ्याचा आवाज मात्र ऐकला.

संध्याकाळच्या एसटीनं खरी बातमी आली. सगळे माझ्यावर धावून आले. मी म्हणालो, सेल उतरले होते, खरखरीत नीट कळलं नाही. बोलून गेलो आणि बघतो तर समोर आबा उभे. उघड्या ओठाचे, ओळखूच न येणारे. ते माझ्याकडं बघत राहिले. एवढा मी आयुष्यात कुणाला भ्यालो नाही.

मग ते लोकांकडं वळले. ‘व्हय,’ म्हणाले, ‘सेलच उतरलं आसतील. पोराला कशाला बोलताय?’

बापू आपली मिशी उतरवायला निघाले होते. आबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. एकाची गेली तेवढी बास, म्हणाले.

आबांनी पुन्हा मिशी वाढवली नाही. पण बातम्या ऐकायला रोज संध्याकाळी माझ्याच ओट्यावर येऊन बसायचे, बोटानं वरचा ओठ चोळत. सेलांविषयी एक अक्षर बोलले नाहीत, मीही बोललो नाही. आता ते नाहीत.

ते सेल दिवाळी होऊन गेली तरी खणखणीत वाजत होते.