न पिता शिकवणारं पुस्तक

लोणावळा स्टेशनावर माझा पुस्तकांचा स्टॉल होता, तेव्हाचा हा माणूस. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कुसगावचा, चाळिशीचा, एका श्रीमंताच्या बंगल्यावर वाढपी होता. पुस्तकाला हात लावण्याआधी तो दोन्ही हात धोतराला पुसायचा.

"भाऊ, वाईनचं सोपं पुस्तक हाय का? आमचा जुना बटलर गेला. आता पावन्यांना मीच वाढायचं. चुकलो तर काम जाईल."

मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून पहिलं पान मराठीत सांगितलं. घोट घ्या, जिभेवर घोळवा, असं त्यात होतं. त्यानं घाईघाईनं मान हलवली.

"न्हाई भाऊ. बाप दारूपायी गेला. आईला शब्द दिलाय. न पिता शिकवनारं बगा."

मुंबईहून आलेल्या जुन्या गठ्ठ्यात शेवटी एक पातळ, चित्रांचं इंग्रजी पुस्तक सापडलं. मासळीबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, कुठली गार करून द्यायची, सगळं त्यात होतं. मी अर्थ सांगायचो आणि तो चित्रावर बोट ठेवून पुटपुटत पाठ करायचा.

बंगल्यावरच्या मेजवानीनंतर तो हसतच आला. सगळं नीट पार पडलं होतं. एका पाहुण्यानं मात्र त्याला विचारलं होतं, "ही चवीला कशी आहे रे?"

"मग काय म्हणालात?"

"म्हनलो, सायेब, पुस्तकात तर लय ग्वाड लिवलीया."

टेबलावर हशा पिकला आणि बंगल्याच्या बाईसाहेबांनी त्याला बटलर म्हणून कायम केलं.

"आईला सांगितलंत?"

"व्हय. तिनं आदी माजं तोंड हुंगलं, मग साकर दिली."