सोडून द्यायचा मासा

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तोवर मी पाण्यातून काढलेला मासा पाण्याला परत दिला नव्हता. बोटाएवढी पिल्लं सोडली असतील, ती वाढावीत म्हणून. खाण्याजोगा मासा कधीच नाही.

आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर. बाप तळ्यावर, आजा तळ्यावर. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग पाटी ठेवली आणि जाळं घेतलं. लेक मात्र शिकली, इंजिनिअर झाली आणि लग्न करून टेक्सासला, शुगर लँडला गेली. तिला दिवस गेले. तिची आई असती तर बाळंतपणाला आईच गेली असती. ती राहिली नाही, म्हणून मी गेलो. बापाचा तिथं काय उपयोग, हे मला कोणी विचारलं नाही.

आमच्या घरात एक पाळतात. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. माझा बाप बहिणीच्या गावी जाताना भाकरी बांधून न्यायचा आणि तिच्या अंगणात बसून ती खायचा. आता कोणी पाळत नाही म्हणतात. मी पाळतो. गेल्या गेल्या जावयांना घेऊन देशी किराणा दुकानात गेलो, माझ्या पैशानं तांदूळ आणि डाळ घेतली आणि पिशवी माझ्या पलंगाखाली ठेवली. घरून सुकट नेली होती, ती विमानतळावरच्या बाईनं नाक धरून कचऱ्यात टाकली. रोज माझा भात मी वेगळा शिजवायचो. पाणी त्यांचं प्यायलो, कारण नळ सरकारचा.

लेक आधी हसली. मग चिडली. आठवा महिना लागला तसं तिनं एक दिवस माझ्या पातेल्याकडे बघून विचारलं, "बाबा, मी परकी झाले का?"

"परकी नाही. लेक आहेस म्हणूनच," मी म्हणालो.

तिनं चमचा सिंकमध्ये टाकला आणि आत जाऊन रडत बसली. मला वाईट वाटलं, पण म्हणून मी बदललो नाही.

जावई पुण्याचे, ऑइल कंपनीत नोकरीला, बोलायला कमी. ते मला मामा म्हणतात. त्यांना गळ टाकायचा नाद आहे. घरापासून तासाभरावर एका क्लबचं तळं आहे, तिथले ते मेंबर. ती मेंबरशिप मिळायला फार थांबावं लागलं, असं लेक सांगायची. एका शनिवारी ते म्हणाले, उद्या चला माझ्याबरोबर.

मला एकदम वाट दिसली. मी पकडलेला मासा म्हणजे माझी कमाई. तो घरात शिजला तर ते लेकीच्या घरचं अन्न कसं होईल? मग तिनं रांधावं आणि तिघांनी एका पातेल्यातलं खावं. रविवारी निघताना तिला तसं सांगितलं आणि वाटण करून ठेव म्हटलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला.

"खोबरं भाजून घालू ना?" तिनं मला विचारलं. किती दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलली.

"तुझी आई भाजूनच घालायची," मी म्हणालो.

गाडीत जावयांनी सांगितलं की तिथं मासा पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. तळ्याचा नियमच तसा. मी हो म्हटलं, पण विश्वास ठेवला नाही. एवढं सामान लादून, एवढं पेट्रोल जाळून माणूस मासा परत द्यायला कशाला जाईल?

तळं आमच्या तळ्याच्या मानानं लहान, काठ हजामत केल्यासारखे. जावयांनी दोन रॉड मांडले. प्रत्येकाला एक डबी, मासा लागला की ती शिट्टी वाजवते, म्हणजे पाण्याकडे बघायचंही काम नाही. शेजारी एक ओली गादी पसरली. ही कोणाला, मी विचारलं. माशाला, ते म्हणाले.

ते मक्याचे दाणे लावत होते. मी घरून कणकेत भाजलेलं बेसन आणि हिंग मळून आणलं होतं. दुपारपर्यंत माझी कणीक कासवांनी खाल्ली. जावयांनी दोनदा मक्याचा डबा माझ्याकडे सरकवला, मी दोनदा परत सरकवला. ऊन असं की शर्ट अंगाला चिकटला. मी माझा भात खाल्ला, त्यांनी त्यांची पोळी. समोरच्या काठावर एक गोरा म्हातारा टोपी घालून बसला होता. तो क्लबचा जुना माणूस, नियम मोडणाऱ्याचं मेंबरशिपचं कार्ड काढून घेतात ती अशीच माणसं, असं जावई म्हणाले. ते गाडीतून पाणी आणायला गेले तेव्हा मी गळाला मका लावला. त्यांनी ते पाहिलं नाही असं मी धरून चालतो.

ऊन उतरत असताना माझी डबी वाजली. ओढ हाताला लागली आणि कळलं, हा मोठा आहे. जावई शेजारी उभे राहिले, पण रॉडला हात लावला नाही, हे मला आवडलं. शेवटी त्यांनी जाळीत घेतला आणि गादीवर ठेवला. पाहतो तर सायप्रिनस. आमच्या तळ्यात ज्याचं सरकारी बी, म्हणजे पिल्लं, सोडतात तोच मासा, पण आमच्याकडे त्याला इतका म्हातारा कोण होऊ देतो! ओठाला जुनी भोकं होती. किती जणांनी त्याला उचलला, तोलला आणि परत ठेवला असेल. मला लेकीच्या घरचे माझे दिवस आठवले. मलाही सोफ्यावरून उठवतात, डॉक्टरकडे वजन करतात, फोटो काढतात आणि परत सोफ्यावर आणून बसवतात.

मी खिशातून कापडी पिशवी काढली. जावई म्हणाले, "मामा, सोडायचा आहे."

"मी मासा सोडत नाही."

समोरचा म्हातारा उभा राहिला होता. मी भांडायला तयार होतो. काय काय बोलायचं ते मनात जुळवूनही झालं होतं. जावयांनी माशावर पाणी ओतलं, मग हळूच म्हणाले, "घाला पिशवीत. मी त्यांना सांगतो, माझ्या हातून झालं. कार्ड जाईल, जाऊ दे. ती सकाळपासून वाट बघत असेल."

भांडण करणाऱ्याचं मी ऐकलं नसतं. यांनी भांडणच केलं नाही. हा माणूस आठवडाभर या तळ्यासाठी थांबतो, आणि माझ्या एका नियमासाठी ते सोडायला निघाला होता. माझा नियम मी लेकीच्या रडण्यासाठीही सोडला नव्हता. पिशवी हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग ती खिशात घातली.

"कसा सोडतात ते दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी हात ओले करायला सांगितले. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, माशाला दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं होतं, पाणी लागताच पळेल. पळाला नाही. माझ्या तळहातांवर तसाच राहिला, कल्ले उघडत, मिटत. आयुष्यभर मी हातात मासे मरताना पाहिले, दम घेताना हा पहिलाच. मग शेपटी हलली आणि हात रिकामे झाले. समोरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. मी मान हलवली, तेवढीच.

घरी दारात लेक माझ्या हातांकडे बघत होती. "मिळाला होता," मी सांगितलं. "सोडला."

तिनं वाटणाची वाटी झाकून फ्रीजमध्ये ठेवली. रात्री मी पुन्हा माझाच भात शिजवला. सवय होती, आणि एका दिवसात दोनदा वाकायची माझी तयारी नव्हती. भात मात्र पुरता गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं उठायच्या आत मी पलंगाखालची पिशवी ओढली, स्वयंपाकघरात नेली आणि उरलेला सगळा तांदूळ लेकीच्या तांदळाच्या डब्यात ओतला. मग कोपरापर्यंत हात घालून तो तळापासून ढवळला, माझा कुठला आणि तिचा कुठला हे मलाही निवडता येऊ नये इतका.