बाईंच्या गाडीची थरथर

ताईच्या हातात पाना असला की तिच्या वाटेला कुणी जात नसे. वडिलांच्या गॅरेजमध्ये इंजिनं खोलतच ती मोठी झाली. वडील गेले आणि गॅरेज हातात घेताच थोरला भाऊ म्हणाला, "आता गिऱ्हाइकांपुढे तू नकोस. बरं दिसत नाही." तेव्हापासून नऊ वर्षं ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटी काम करत होती, आणि दादाचं नाव निघालं की धुमसत होती.

एका सकाळी गणिताच्या निवृत्त बाई आपली जुनी गाडी घेऊन आल्या. गाडी विकायची होती, त्याआधी ताईने नजर टाकावी एवढंच त्यांचं म्हणणं.

"का विकताय?"

"आता जमत नाही गं. चौकात थांबलं की बंद पडायची. तुझ्या दादाने दुरुस्त केली, तर क्लच सोडताच उसळी मारायला लागली. परवा शाळेच्या फाटकावर आदळले. दादा म्हणाला, गाडी ठीक आहे बाई, तुमचेच पाय थरथरतात. वय झालं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बॉनेट उघडलं. उभ्या गाडीचं इंजिन नको तेवढं पळत होतं. दादाने स्क्रू पिळून वेग वाढवून ठेवला होता. तिने वेग उतरवला, तसं इंजिन हीव भरल्यासारखं कापायला लागलं. अॅक्सिलरेटर दाबला की शहाणं, सोडला की पुन्हा तेच. प्लग काढून पाहिले, स्वच्छ होते. मग तिने कान लावला. कुठेतरी बारीक फुसफुस होती. पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या बुडाशी तिने तेलाचे चार थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं आणि इंजिन क्षणभर सावरलं.

"इथून हवा शिरतेय!"

कार्बोरेटर उतरवला. सांध्यातून हवा शिरू नये म्हणून खाली बसवलेलं जाड कागदाचं गॅस्केट फाटलेलं होतं, आणि फाटलेल्या जागी कुणीतरी डिंकासारखा काळा लेप थापला होता.

"म्हणजे त्याला दिसलं होतं," ताई दातओठ खात म्हणाली. "दिसलं होतं, आणि तरी तुमच्या पायांना बोल लावला!"

तिने नवं गॅस्केट कापून बसवलं. इंजिन तापल्यावर हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू आत फिरवला, इंजिन अडखळलं. बाहेर घेतला, जड झालं. दोन्हींच्या मधे जिथे ते सगळ्यात शांत चाललं, तिथे तिने हात थांबवला आणि वेग खाली आणला.

"बसा. तुम्हीच चालवा. दादाकडे जायचंय."

गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं होती. ताईने फाटकं गॅस्केट दादाच्या टेबलावर आपटलं.

"एवढ्याशा कागदासाठी भांडायला आलीस?"

"हा कागद तू लिंपलास! आणि यांना म्हातारं ठरवलंस!"

दादा उत्तर द्यायला गेला, पण बाहेर इंजिन चालूच होतं. ते ऐकत तो दारापाशी आला. मग हसून म्हणाला, "बाबांसारखं लावलंयस."

"माझं कौतुक गेलं खड्ड्यात! बाईंशी बोल!"

गिऱ्हाइकं टक लावून बघत होती. दादाने मान खाली घातली. "माझी चूक होती, बाई. घाई होती, म्हणून वेळ मारून नेली."

"वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता," बाई म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

परतताना त्यांनी विचारलं, "आता राग गेला ना?"

"नाही," ताई म्हणाली. "नऊ वर्षांचा आहे तो. आज फक्त तुमच्या वाट्याचा काढला."