माशाच्या कातड्याच्या अंगरख्यावरची ठिगळं

सिमाबाईंचे पती मोझेस अष्टमकर वारले तेव्हा त्या दोघांना लंडनला येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सिमाबाईंची धाकटी बहीण एलिझाबेथ इतर कित्येक मराठी ज्यूंसारखी इस्राएलला स्थायिक झालेली. "तूही इकडेच ये," असं ती दर पत्रात लिही. पण मोझेसना इथे पुरलं होतं, म्हणून सिमाबाई गेल्या नाहीत.

मुंबईत त्या शाळेत शिवण शिकवत. त्या जोरावर इथे एका म्युझियमच्या तळघरात जुने कपडे दुरुस्त करण्याचं काम मिळालं. वेम्बलीच्या खोलीतून सकाळी मेट्रोपॉलिटन लाइन पकडायची आणि संध्याकाळी परत यायचं. 'मॉर्निंग' आणि 'गुडनाइट' एवढ्या दोन शब्दांवर कित्येक दिवस निघत. घरी भाजी चिरताना त्या स्वतःशीच मराठीत बोलत, नाहीतर जीभ जड होईल अशी भीती वाटे.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात विभागप्रमुख मिस प्रायर एक अंगरखा घेऊन आल्या. सॅमन माशाच्या कातड्याचा होता, कागदासारखा कडक आणि पिवळसर. जपानच्या उत्तरेकडच्या साखालिन बेटावरून आलेला. जुन्या चिठ्ठीवर 'ऐनू' असं तिथल्या एका आदिवासी जमातीचं नाव लिहिलेलं होतं.

"चिठ्ठी चुकली आहे," मिस प्रायर म्हणाल्या. "समोरचा पदर उजव्या कुशीला बंद होतो. ही त्यांच्या शेजाऱ्यांची, निव्ख लोकांची पद्धत. मागाहून कोणीतरी ही ठिगळं लावलीत. ती काढून टाका, मिसेस अष्टमकर. प्रदर्शनात मूळ रूपात दाखवायचाय."

सिमाबाईंनी कात्री घेतली आणि भिंगातून पहिलं ठिगळ पाहिलं. मग कात्री खाली ठेवली.

बाकीची शिवण जनावराच्या स्नायूतंतूंच्या चिवट दोऱ्याची होती. ठिगळाचा दोरा तपकिरी, खरबरीत होता. त्यांनी शेजारचा खण उघडून एक ऐनू झगा काढला. एल्म झाडाच्या सालीचे धागे काढून विणलेला. दोन्ही धागे शेजारी धरले, तर अगदी एकसारखे. ठिगळाच्या कडेला कंसासारखी नक्षी होती आणि तिच्या टोकाला काट्यासारखं अणकुचीदार वळण. झग्यावरही तेच वळण.

तीन दिवस त्यांनी एकही टाका उसवला नाही. चौथ्या दिवशी मिस प्रायर आल्या.

"झालं का काम?"

"नाही मॅडम. ही ठिगळं ऐनू बाईच्या हातची आहेत."

"म्हणून काय? मूळ अंगरखा तिचा नव्हता."

"शिवला दुसरीने. पण फाटल्यावर नीट केला हिने, आपल्या दोऱ्याने, आपल्या नक्षीने. नको असता तर एवढे बारीक टाके कशाला घातले असते?" म्युझियममध्ये सिमाबाई इतकं सलग कधीच बोलल्या नव्हत्या. "ती लग्न होऊन त्या घरात गेली, की अंगरखा तिला कशाच्या तरी बदल्यात मिळाला, मला माहीत नाही. पण ही ठिगळं काढायची असतील तर दुसऱ्या कुणाला सांगा."

मिस प्रायर बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग एक कोरं कार्ड पुढे करून म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत ते इथे लिहा. तुमच्या शब्दांत."

सिमाबाईंनी मोडक्या इंग्रजीत लिहिलं. स्पेलिंगच्या चुका तशाच राहिल्या.

वसंतात प्रदर्शन लागलं. काचेमागे अंगरखा ठिगळांसकट होता. खाली लिहिलं होतं : निव्ख अंगरखा, ऐनू दुरुस्ती. रविवारी सिमाबाई तिकडे गेल्या. एक जोडपं थांबलं, "माशाचं कातडं!" म्हणून हसलं आणि पुढे गेलं. त्यांना ठिगळांबद्दल सांगावंसं सिमाबाईंना फार वाटलं, पण पाऊल उचललं नाही. घरी येऊन त्यांनी एलिझाबेथला चार पानी पत्र लिहिलं. उत्तरात भाच्याच्या साखरपुड्याचं सगळं होतं. अंगरख्याबद्दल एक ओळही नव्हती.

निवृत्त होईपर्यंत त्या त्याच तळघरात होत्या. फाटकी वस्तू आली की मिस प्रायर आता स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसत आणि विचारत, "हे किती जणींचं काम आहे?"