थोरल्याचा दिवस

किक मारण्याआधी तो किल्ली हातात धरूनच क्रूसाची खूण करायचा. मग मान मागे वळवून विचारायचा, "बसलात, टीचर? घट्ट?"

"अरे बाबा, कधीची बसलेय! शाळेची घंटा होईल!" मी करवादायची. पण घाईत क्रूस अर्धा सोडून त्यानं गाडी काढली, असं बारा वर्षांत एकदाही झालं नाही.

तुम्ही गोव्यात फिरला असाल तर पायलट म्हणजे कोण, हे सांगायला नको. मोटारसायकलवर मागे बसवून भाडं नेणारा. हा पेडण्याचा. मी मूळची डिचोलीची, पण भाड्याची खोली त्याच्याच वाड्यावर, आणि शाळा इब्रामपूरला. बस वेळेवर येईल तर शपथ! म्हणून रोज त्याच्याच मागे बसायचं. वाटभर त्याचं तोंड चालू. फक्त थोरल्या भावाचा विषय निघाला की गप्प.

आईबाप लवकर गेले, थोरल्यानंच त्याला वाढवलं. प्रार्थना शिकवल्या त्याही त्यानंच, चुकलं की कान पिरगाळून. पुढे थोरल्याची बायको आजारी पडली. नवस झाले, नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, तरी ती गेली. थोरल्यानं भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, चर्चला जाणं सोडलं आणि धाकट्याला बजावलं, "तिथं जाणार असशील तर माझ्या दारात येऊ नकोस."

हा दोन्हीकडे जायचा. रविवारी आधी चर्चमध्ये मिसेला, तिथून थेट भावाच्या दारात. दार काही उघडायचं नाही. मग कडीला पावाची पिशवी अडकवून हा परत. सोमवारी पिशवी तिथं नसायची, एवढं मात्र मी पाहिलंय.

"कशाला जातोस रे अपमान करून घ्यायला?" माझाच जीव जळायचा.

"तो देवावर रागावलाय, टीचर. मी न्हय."

"आणि तुला कधी शंका येत नाही? तुझीही वहिनीच होती ना ती?"

शाळा आली. मी उतरले तेव्हा म्हणाला, "येते की. म्हणून तर चुकवत नाही."

नाताळाआधी त्यांच्या वाड्यावर सायबीण फिरते. सायबीण म्हणजे मेरीमातेची मूर्ती. एका घरी एक दिवस मुक्काम, दुसऱ्या संध्याकाळी गाणी म्हणत पुढच्या घरी. थोरल्याच्या घराची पाळी आली की हा मूर्ती आपल्याकडेच ठेवून घ्यायचा. "एक दिवस माझा, एक त्याचा. त्याचं नाव गाळू नका." अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी म्हैस आडवी आली, गाडी घसरली आणि याचा पाय मोडला. वाड्यावर नवी घरं झाली होती, दिवस पुरेनात. यादी ठेवणाऱ्या काकांनी थोरल्याचं नाव खोडलं. हा अंथरुणातून ओरडला, हात जोडले. पण काका म्हणजे काका! मी बघायला गेले तर सायबीण त्याच्याच घरी मुक्कामाला, आणि हा भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"सात वर्षं धरून ठेवलं, टीचर. आता सुटलं. आज प्रार्थना तोंडातच येत नाही."

मला खरंच भीती वाटली. थोरला देवापासून तुटलाच होता, आता हाही तुटतो की काय!

दुसऱ्या संध्याकाळी मिरवणूक त्याच्या घरातून निघाली. आम्ही हिंदू बायकाही मागून चाललो होतो. थोरल्याच्या घरापाशी सगळ्यांचे आवाज आपोआप बारीक झाले. आणि दार उघडलं. बनियन, अर्धी चड्डी, आठवड्याची दाढी.

"माझा दिवस कुठं गेला?"

गाणं थांबलं.

"सात वर्षं माझ्या भावानं सांभाळला. यंदा कोणी खाल्ला?"

आदल्या दिवशीचा आरडाओरडा त्याच्या कानावर गेला असणार. काका नुसतेच यादी चाळत राहिले. थोरल्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं जेवणाचं टेबल खसाखसा पुसलं आणि मूर्ती आत घेतली. पण प्रार्थना म्हणायला गेला तर शब्द आठवेनात. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडला.

"थांबा," तो वैतागून म्हणाला. "त्याला घेऊन येतो."

मी त्याच्याआधी धावले. "अरे, घेतली! तुझ्या भावानं आत घेतली!"

पायलट उठून बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. तेवढ्यात थोरला दारात आला. त्यानं ना विचारपूस केली, ना माफी मागितली.

"चल. मी विसरलोय," म्हणाला, आणि पाठ करून खाटेपुढे उकिडवा बसला.

पन्नाशीचा गडी साठीच्या भावाच्या पाठीवर चढला, प्लॅस्टरचा पाय बाजूला काढून. अंगणात पोचेपर्यंत दोघांचं जुंपलंही होतं. "हळू रे, पाडशील!" "गप बस. किती जड झालायस!"

त्यांच्या मागून मी त्याची चप्पल घेऊन गेले. एकाच पायातली.